बाग ताणावर असताना

डिसेंबर लागला की तो मेसेज येतोच. यंदाही आला. वार्षिक देखभाल शुल्क, १८ टक्के जीएसटी धरून २१,४०० रुपये, मुदतीत भरावे, नाहीतर बुकिंग बंद. मी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. हे ओट्यावर संत्र्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होते. आंबिया बहाराच्या संत्र्यांची शेवटची गाडी भरायची राहिली होती आणि तो माल बारीक आहे म्हणून भाव पाडत होता. त्यांचा फोन संपल्यावर मी म्हटलं, "रिसॉर्टवाल्यांचं आलं."

"किती?"

आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. मीही शेंगा सोलत राहिले. मुलाची दहावी झाल्यापासून आमच्या घरात दर डिसेंबरला हा प्रश्न असाच पडतो आणि असाच पडून राहतो. शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी मी पैसे भरून टाकते.

वरूड तालुक्यातलं आमचं गाव. संत्र्याची बाग, थोडी तूर, पूर्वी कपाशीही होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. असल्या घरात २५ वर्षांची सुट्ट्यांची मेंबरशिप आली कशी, हे सांगायला हवं.

२००७ च्या एप्रिलमध्ये नागपूरला एका प्रदर्शनात मुलांनी आइस्क्रीमच्या रांगेत उभ्याउभ्या एक कूपन भरलं. आठ दिवसांनी फोन आला, तुमचा नंबर लागला, बक्षीस न्यायला या, पण नवरा-बायको दोघंही पाहिजेत. दोघं कशाला, हे तेव्हा सुचलं नाही. एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो, हे फार उशिरा लक्षात आलं. हॉटेलचा थंडगार हॉल, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि त्यांच्यासमोर टाय लावलेला एकेक मुलगा. आमच्या टेबलावरच्या टायवाल्याने कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "सर, दरवर्षी सुट्टीत हॉटेलवर किती खर्च करता?" हे म्हणाले, "शून्य. आमची पोरं मामाच्या गावाला जातात."

पोरगा क्षणभर अडखळला. पण तालमीतला होता. म्हणाला, "सर, मामाच्या गावाला मॅडमला सुट्टी मिळते का?"

तिथेच आम्ही गेलो. निदान मी तरी गेले. १,९५,००० रुपये, त्यातले ६० हजार आधी, बाकीचे ३६ हप्त्यांत. दरवर्षी सात रात्री, २०३२ पर्यंत. चार जणांची खोली, म्हणजे दोन मोठी माणसं आणि १२ वर्षांखालची दोन मुलं. वर स्वयंपाकाची सोय. आज सही केली तरच हा भाव. बक्षीस म्हणून कॅसरोलचा सेट मिळाला. त्यातला मोठा डबा अजून भाकरीसाठी वापरात आहे, आणि त्या सगळ्या व्यवहारात विनातक्रार चाललेली वस्तू तेवढीच. कागद नीट वाचायला सवड मिळाली ती बाराव्या दिवशी. करार रद्द करायची मुदत दहा दिवसांची होती.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोताचं घर टाकून दुसऱ्याच्या खोलीत रायले पैसे देता? काहून बाप्पा?" मग त्यांनी विचारलं, "सातबाऱ्यावर नाव लागते का?" त्यांच्या लेखी मालमत्तेची कसोटी ती एकच. लागत नाही. आपण विकत घेतो ते नुसतं राहण्याचं. दगड-विटा त्यांच्याच राहतात. २५ वर्षं झाली की कागदाची किंमत शून्य. सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या. अख्ख्या हॉलमध्ये हा प्रश्न एकाही जोडप्याला सुचला नव्हता.

गावात मात्र कोणाला सांगितलं नाही. आदल्याच वर्षी, २००६ च्या जुलैत, पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते. अमरावती त्या सहांत होती. पॅकेज कशासाठी आलं होतं, ते गावात ज्याच्या त्याच्या घराला माहीत होतं. माझ्या शाळेत दोन मुलं अशी होती की हजेरी घेताना त्यांच्या वडिलांचं नाव वाचावं की गाळावं, असा प्रश्न पडायचा. त्या गावात राहून 'आम्ही महाबळेश्वरला खोली घेतली' म्हणायला तोंड उघडेना. २००८ च्या मे महिन्यात निघालो तेव्हा शेजारी सांगितलं, पुण्याला लग्न आहे.

एसटीने अमरावती, बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी साताऱ्याला उतरून वाई आणि पसरणीचा घाट. वरूडला ४५ डिग्री, कूलरच्या वाळ्यावर पाणी टाकून टाकून हात दुखायचे, आणि इथे संध्याकाळी मुलं दात वाजवत होती. लेक तेव्हा दहा वर्षांची, मुलगा सातचा. मे महिन्यात स्वेटर घालायला मिळतो, याचंच त्यांना कोण अप्रूप! घरी आल्यावर शाळेत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि माझं पुण्याचं लग्न उघडं पडलं.

पण मला त्या सहलीतलं आठवतं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं पत्रक. मोठ्या ताटल्या चार, लहान ताटल्या चार, वाट्या चार, कप चार, सुरी एक, विजेची शेगडी एक. निघताना माणूस येऊन मोजून घेणार, फुटलं तर भरून द्यायचं. मेंबरशिपमध्ये जेवण नव्हतं. पहिल्या दुपारी खालच्या रेस्टॉरंटमध्ये चौघांचं बिल आलं ते पाहून यांनी बिलाचा कागद घडी करून खिशात ठेवला, शेजाऱ्याला दाखवायचा असल्यासारखा. संध्याकाळी मी बॅगेतून कणीक, तुरीची डाळ, तिखट, जवसाची चटणी काढली. पत्रकावर पोळपाट-लाटणं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर स्टीलचा पेला आडवा धरून मी पोळ्या लाटल्या. टेबलाला चकचकीत पॉलिश होतं, कणीक सारखी घसरायची. बाहेर बाल्कनीत तिघं सूर्यास्त बघत होते. मुलगा ओरडला, "आई, ये लवकर, चालला!" मी हात धुऊन जाईपर्यंत नुसता लाल पट्टा उरला होता. सात दिवस मी तिथे दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. टायवाल्या पोराचा प्रश्न अधूनमधून आठवायचा.

यांचं वेगळंच. सूर्य बुडाला की ते सालदाराला फोन लावायचे. "लाइन आली का? मोटर चालली का? खालच्या तासाला पाणी गेलं का?" तेव्हा लोडशेडिंग असं होतं की शेतावरची वीज रात्री केव्हाही यायची आणि माणूस बॅटरी घेऊन बसून राहायचा. आंबिया बहाराची फळं मे महिन्यात लिंबाएवढीही झालेली नसतात. त्या वेळी पाणी तुटलं तर ती पटापट खाली येतात. आमच्या भागातले बोअर हजार फुटांवर गेलेले, पाणी तासाभराने थकतं. म्हणजे जो महिना मुलांना मोकळा, तोच बागेला सगळ्यात नाजूक. आणि त्याच महिन्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले होते.

या धंद्यात वर्षाचे आठवडे रंगांनी ओळखतात. मुलाने पुढे इंजिनिअरिंगला असताना कुठून तरी वाचून मला सांगितलं, की ही टाइमशेअरची, म्हणजे एकच खोली अनेकांनी आठवड्या-आठवड्याने वाटून घ्यायची कल्पना १९६० च्या दशकात युरोपात निघाली. मग १९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला डीहान नावाच्या नवरा-बायकोने आरसीआय ही कंपनी काढली. तिचं काम आठवड्यांच्या अदलाबदलीचं, तुझा मला आणि माझा तुला. तिच्या कोष्टकात गर्दीचे आठवडे लाल, मधले पांढरे आणि रिकामे निळे. आमच्या कागदावर लाल होता. लाल म्हणजे मे आणि दिवाळी. दिवाळीत इकडे कपाशीची वेचणी आणि संत्र्याचा सौदा एकाच वेळी अंगावर येतो, त्यामुळे ती कधीच जमली नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. बाकी महाराष्ट्राची मुलं मध्यावर वर्गात बसली की खोल्या मोकळ्या व्हायच्या, आमच्या पोरांना अजून दहा दिवस बाकी असायचे. पण मृग लागल्यावर शेतकऱ्याला घर सोडा म्हणणं म्हणजे नवरदेवाला लग्नातून उठ म्हणण्यासारखं. तरी आम्ही मे महिन्यात जात राहिलो, २००८ ते २०१३, दरवर्षी. बहुतेकदा सात रात्री, शेवटच्या वर्षी चार.

आणि मग थांबलो. टायवाल्या पोराने कागदावर २५ वर्षं गुणिले सात रात्री असा हिशेब मांडला होता. आम्ही मान डोलावली, कारण २५ वर्षं म्हणजे मुलं मोठी होईपर्यंत, असं वाटलं. मुलं मोठी होतात ती नववीच्या उन्हाळ्यात. नववीची परीक्षा संपते आणि दहावीची व्हेकेशन बॅच लागते. मग दहावी, मग अकरावीच्या उन्हाळ्यात बारावीची बॅच, मग प्रवेशपरीक्षा. लेकीची दहावी २०१४ ला. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी गारपीट झाली की झाडाखाली पानांचा आणि फळांचा चिखल झाला होता. क्लास नसता तरी आम्ही गेलो नसतो. तिची बारावी २०१६, मुलाची दहावी २०१७, बारावी २०१९. मग २०२० आणि २०२१ टाळेबंदीत गेली. म्हणजे आमच्या मुलांच्या बालपणातले या कागदाच्या कामी आलेले उन्हाळे एकूण सहा. कुणी आज मला विचारलं की घ्यावी का, तर मी एवढंच विचारते, धाकटा कितवीत आहे?

शाळामास्तरणीला वही ठेवायची खोड असते. माझ्या वहीप्रमाणे १८ वर्षांत १२६ रात्री हक्काच्या, वापरल्या ५२. मूळ रक्कम १,९५,०००. वार्षिक शुल्क पहिल्या वर्षी सात हजार होतं, ते वाढत वाढत आता एकवीसच्या वर गेलं, सगळं मिळून साधारण सव्वादोन लाख. एकूण ४,२०,०००, भागिले ५२. एक रात्र आठ हजारांना पडली, गाडीभाडं आणि माझ्या पोळ्या सोडून. त्यातल्या निम्म्याअधिक रात्री ज्या काळातल्या आहेत, तेव्हा महाबळेश्वरला दीड-दोन हजारांत बरी खोली मिळत होती.

अजून एक हिशेब आहे. तो मी यांना कधी दाखवला नाही. २००७ मध्ये पोस्टाचं किसान विकास पत्र ८ वर्षं ७ महिन्यांत दामदुप्पट करत होतं. मध्ये ते बंद झालं, २०१४ ला पुन्हा सुरू झालं तेव्हा मुदत १०० महिने होती. १,९५,००० चे डिसेंबर २०१५ ला ३,९०,००० झाले असते, तेच पुन्हा गुंतवले असते तर एप्रिल २०२४ ला ७,८०,०००. माझ्या निवृत्तीच्या बरोबर एक महिना आधी. अर्थात आम्ही हप्त्यांनी भरले होते, एकरकमी नव्हते, त्यामुळे हा हिशेब थोडा लबाड आहे. पण वहीत लिहून ठेवलाय.

विकायचा प्रयत्नही केला. घेणारा कोणी नाही. ज्याला हवी तो कंपनीकडूनच नवी घेतो, जुन्या कागदाला बाजार नाही. २०१९ मध्ये एका माणसाचा फोन आला. दिल्लीहून बोलतो म्हणाला, तुमच्या मेंबरशिपला तीन लाखांचं गिऱ्हाईक आहे, फक्त ट्रान्स्फरचे आणि टॅक्सचे ३८ हजार आधी भरा. मी म्हटलं, "तीन लाखांतून कापून घ्या की." तो म्हणाला, तसं नियमात बसत नाही. मी जीएसटी नंबर मागितला. फोन कट. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका सरांनी असेच पैसे भरले आणि घालवले. ग्राहक आयोगात जा, असं लोक सांगतात. अमरावतीला जिल्हा आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. पण मी तिथे सांगू काय? कागदावर जे होतं ते त्यांनी दिलं. न वाचलेल्या कागदाची तक्रार कुणाकडे करायची?

२०२२ मध्ये सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. लेक पुण्याला नोकरीला, मुलगा हैदराबादला इंटर्नशिपला. लेकीचं लग्न ठरलेलं, होणारे जावईही यायचे होते. त्यांनी ऐन वेळी येणं टाळलं, शहाणा माणूस. ज्या खोलीत पूर्वी दोन मुलं सोफ्याच्या पलंगावर आडवीतिडवी झोपायची, तिथे आता सहा फुटी पोरगा पाय बाहेर काढून झोपला. दोन्ही मुलं मोठ्या माणसांत मोजली गेली, म्हणून जास्तीचे पैसे पडले. मुलगा दिवसभर हेडफोन लावून मीटिंगमध्ये. लेक तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण माझी वर्षाची सुट्टी मोजून असते. चार दिवस मिळाले तर मला घरी यायचंय. रोडगे कर, वांग्याची भाजी कर. इथे कशाला?" मी हो म्हटलं. रोडगे कोण थापणार, हे तिच्या मनात आलं नाही. येणारही नाही. माझ्याही आलं नव्हतं, माझ्या आईच्या बाबतीत.

त्या रात्री मी ठरवलं होतं की पुढच्या डिसेंबरला पैसे भरायचे नाहीत. पण तो डिसेंबर आला आणि मी भरले. तेच २०२३ ला. का, हे नीट सांगता येत नाही. शेवटच्या वर्षी बागेतलं म्हातारं झाड काढायचं म्हटलं की हे जसं 'एक बहार पाहू' म्हणतात, तसंच काहीसं.

मग मी निवृत्त झाले. घरात शाळेत जाणारं कोणी उरलं नाही, मीसुद्धा. नोव्हेंबरमध्ये एकदा कॅलेंडर बघत होते. आमच्याकडे आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरच्या मध्यापासून झाडाचं पाणी तोडतात. काळ्या जमिनीत महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानं जरा मलूल होऊ द्यायची, मग जानेवारीअखेर पाणी सोडलं की फूल फुटतं. याला ताण देणं म्हणतात. गहू आम्ही पेरत नाही. बाग ताणावर असते तेव्हा मोटर बंद, सालदार निवांत, लाइन आली काय आणि गेली काय. अठरा वर्षं आम्ही मे महिन्याशी मारामारी करत होतो आणि वर्षातला एक आख्खा मोकळा महिना समोर पडून होता. त्यात शाळा चालू असायची, म्हणून तो कधी दिसलाच नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा कागदावर लालही नव्हता. हवी ती खोली मिळत होती.

गेल्या जानेवारीत दोघंच कूर्गला गेलो. नागपूरहून रेल्वेने बंगळूर, पुढे बसने मडिकेरी. पहिले दोन दिवस हे खोलीतल्या खुर्चीत बसून होते, हात कुठे ठेवावे हे न कळल्यासारखे. तिसऱ्या दिवशी फिरायला निघालो तर रस्त्यालगत कॉफीचा मळा होता. अंगणात लाल कॉफीची फळं वाळत घातलेली, झाडांवर मिऱ्याचे वेल चढलेले, आणि मध्येच संत्र्याची झाडं. हे थेट आत गेले. मळ्याच्या मालकाला मराठी येत नव्हतं, यांना कन्नड येत नव्हतं, हिंदी दोघांचीही बेताची. तरी दीड तास बोलले. एका झाडाच्या बुंध्यावरून डिंक ओघळला होता. यांनी खिशातून किल्ली काढली, सालीवर हळूच खरवडलं आणि आतला तपकिरी डाग दाखवत म्हणाले, "डिंक्या." मग हाताने रंगवल्यासारखं करून, "बोर्डो, बोर्डो पेस्ट." तो माणूस हसला, मान हलवली, आतून दोन संत्री आणून दिली. यांनी एक सोललं, फोड दातांनी फोडली, बी हातावर काढून मोजल्या. "आपल्यापरीस आंबट हाय," माझ्याकडे वळून म्हणाले, "पण रस बरा."

मी तेव्हा मळ्याच्या पायरीवर बसले होते. दुपारचे दोन वाजले होते, कुणाच्या जेवणाची वेळ टळत नव्हती. खाली रस्त्यावर टपरीसारखं हॉटेल होतं, तिथेच भात-सांबार खाल्लं. त्या सात दिवसांत यांनी सालदाराला फोन केला तो फक्त एकदा, गाईबद्दल विचारायला.

तर या डिसेंबरचा मेसेज. शेंगा सोलून झाल्या, मी टोपलं उचलून आत निघाले तेव्हा हे म्हणाले, "पाणी पंधरा तारखेला तोडतो."

"मग?"

"मग काय. भरून टाक."

संध्याकाळी पैसे भरले आणि लेकीला फोन लावला, कारण ते बुकिंगचं ॲप माझ्याने नीट चालत नाही. तिने जानेवारीचे दिवस बघितले. म्हणाली, "आई, दोन प्रकार आहेत. एक नेहमीची, किचनवाली. दुसरी नुसती खोली, त्यात फक्त चहाची किटली. पहिली करू ना? तुला सोयीचं."

मी म्हटलं, किटलीवाली कर.

"अगं, पण हक्काच्या रात्री सारख्याच जातात दोन्हीला. किचनवाली मोठी आहे."

"असू दे," मी म्हटलं. "किटलीचीच कर."